दोन घागरी पाणी

हे मी लिहिणारच नव्हतो. तीन जुम्मे, म्हणजे शुक्रवार, असेच गेले. जुम्म्याला कचेऱ्या बंद असतात, वकीलसाहेब जेवून आतल्या खोलीत आडवे होतात, आन् मी टायपाच्या मशीनला कागद लावून बसतो. एक ओळ मारतो, वाचतो, कागद ओढून काढतो, बारीक घडी करून खिशात घालतो. पहिल्या जुम्म्याला ओळ मारली, 'माझ्या हातून एक चूक झाली.' तेवढंच वाचून उठलो. चूक म्हणजे न कळता होती ती. मला तर कळलं होतं. दुसऱ्या जुम्म्याला मारलं, 'सुग्रीवच्या नशिबात होतं.' ते तर त्याहून खोटं. तिसऱ्याला कागद नुसता लावून बसलो, साहेब उठेपर्यंत. आज सकाळी सुग्रीव इथं येऊन गेला, म्हणून आज लिहितोय. हातानं लिहीत न्हाई, कारण हातानं लिहिलं की अक्षर हलतं आन् वाचणाऱ्याला कळतं लाज कुठं वाटली. मशीनीवर लाज वाटली तरी अक्षर सरळच येतं.

माझं नाव बंकट. जातीनं सुतार, गाव नांदूरघाट. मोमिनाबादेत अर्जुनराव वकिलांकडं राहतो. सरकारी कागदावर मोमिनाबाद, आमच्या तोंडात आंबंच. साहेबांनी पुण्याहून ही मराठी अक्षराची मशीन आणलती. कोर्टाचं समदं उर्दूत, पण पक्षकारांची पत्रं, नोटिसा मराठीत मारायच्या म्हणून. दोन दिवस साहेबांनी एका बोटानं ठोकलं, मग म्हणले, "नेऊन ठेव रे ती बला तिकडं." मी ठेवली, आन् झाडलोट झाली की तिच्यापुढं बसायला लागलो. कुणी शिकवलं न्हाई. कोणतं अक्षर कुठं बसलंय ते बोटांनी हुडकलं, आमचा बाप चाकाच्या आऱ्याची भोकं अंधारात हुडकायचा तसं. आता साहेब बोलतात तेवढ्या झपाट्यानं मी मारतो. पण बाराखडी मला आमच्या गावच्या सुग्रीवनं शिकवली, हे आधी सांगायला पाहिजे, कारण पुढचं समदं त्याच्यावर हाय.

झालं ते एवढंच, की मी एका चाकावर बोट वाजवलं. वैशाखातली सकाळ, ऊन अजून पडवीत आलं नव्हतं. हुन्नरशाळेचा, म्हणजे हातकाम शिकवायच्या सरकारी शाळेचा, जलसा होता त्या दिवशी. तीन वरसं झाली शाळा निघून, पहिली अकरा पोरं शिकून बाहेर पडणार, जिल्ह्याचे तालुकदारसाहेब येऊन सनदा देणार. पडवीत पोरांनी केलेल्या जिनसा मांडल्यात्या. कुणाची सतरंजी, कुणाचं कुलूप, कुणाचे जोडे, वेताची खुर्ची. आन् मधोमध सुग्रीवची गाडी. नुसती चाकं न्हाई, अख्खी बैलगाडी, एकट्यानं केलेली. आंब्याची डहाळी बांधलेली, चाकांना झेंडू. लाकडाला रोगण असं मारलंतं की त्यात तोंड दिसावं. मी जवळ गेलो. सुताराच्या पोरानं चाकाजवळ जावं आन् बोट वाजवू नये, असं होत न्हाई. उजव्या चाकाच्या लोखंडी धावेवर बोटाचं पेर मारलं. टण्ण. चांगलं. धाव लाकडाला धरून होती. फिरून डाव्या चाकाकडं आलो. मारलं. ठप. पुन्हा मारलं. ठप.

तो आवाज अजून बोटाच्या पेरात हाय. मशीनीची एखादी कळ अशीच वाजती, बद्द वाजती, आन् मी थांबतो.

ज्याला माहीत न्हाई त्याच्यासाठी सांगतो. लाकडाच्या चाकावरून लोखंडाची धाव तापवून चढवतात, पाणी टाकलं की ती आवळून बसती, मग चाक एकजीव होतं. पण लाकूड वाळतं. उन्हाळ्यात बाभळ आतून आकसती, लोखंड तर आकसत न्हाई, मधी केसाएवढी फट पडती. ती डोळ्याला दिसत न्हाई, कानाला दिसती. ज्याच्या घरी गाडी हाय त्याला हे पाळण्यात असल्यापासून ठाऊक. चैत लागला की गाडी डोहात नेऊन उभी करायची, न्हाईतर चाकाला ओलं गोणपाट बांधून ठेवायचं. आमचा बाप म्हणायचा, "पाणी पाजलं का रं चाकाला?" जसं बैलाचं इचारावं तसं. ही गाडी माघात झाली आन् जलशासाठी म्हणून तीन महिने पडवीत, वर पत्रा, रोज फडक्यानं पुसून, रोगणावर रोगण. पाण्याचा थेंब लागू दिला न्हाई, जलशाची गाडी म्हणून! उजव्या चाकाशेजारी पिण्याच्या पाण्याचा रांजण होता. पोरं दिवसभर तांब्या बुडवायची, सांडायची. ते चाक न मागता पाणी पीत होतं. डावं भिंतीकडं, कोरडं.

सुग्रीवला हे माहीत नसण्याचं कारण सोपं हाय. तो धनगर. त्यांच्या सात पिढ्यांत गाडी न्हाई. बिऱ्हाड घोड्यावर, मेंढरं पायावर. शाळेत सुतारकी शिकवणारे उस्ताद औरंगाबादेकडचे, खुर्च्या, कपाटं, नक्षीचे दरवाजे करणारे. हात असा की लाकडाचं लोणी करावं, पण बैलगाडी त्यांनीही आमच्या मुलखात येऊनच पाहिली. आन् शाळेत सुताराचं पोर एकही नव्हतं.

ते का नव्हतं हे मला सांगता येतं, कारण मी त्यातलाच. शाळा निघाली तवा दवंडी नांदूरघाटपर्यंत आलती. मी बापाला म्हणलो, जातो. बाप तुंब्याला, चाकाच्या मधल्या लाकडाला, भोक पाडत बसलाता. वर बघितलं न्हाई. "कावून?" म्हणला. मी म्हणलो, शिकायला. "काय शिकवणार हायत ते?" मी म्हणलो, सुतारकाम. तवा त्यानं हत्यार खाली ठेवलं आन् असा हसला की शेजारचा लोहार बघायला आला. "अरे, ऐकलं का! माझ्या पोराला दुसरा कुणी सुतारकी शिकवणार! आमी त्यांला शिकवायचं का त्यांनी आमाला बे?" लोहारही हसला. मीही हसलो. तेच वाईट केलं. रडलो असतो तर कदाचित गेलो असतो.

सुग्रीव गेला. लहानपणी तो मेंढरं आमच्या वाड्यावरून नेताना थांबायचा. काठीवर हनुवटी टेकवून बघत उभा राहायचा. मेंढरं पुढं कुणाच्या तुरीत शिरायची, ह्याला पत्ता नसायचा. बाप तासत असला तर बघू द्यायचा. पण धावेचं माप घ्यायची वेळ आली, की शेजारी पडलेलं गोणपाट उचलून कामावर टाकायचा आन् बिडी पेटवायचा. "काय बघायलास रं? मेंढरं गेली बघ तुझी." सुग्रीव जाईपर्यंत गोणपाट निघायचं न्हाई. मला त्याची मजा वाटायची. गोणपाटाच्या आत काय हाय ते मला ठाऊक, बाहेरच्याला न्हाई, ह्याची. चाकाभोवती दोरी फिरवायची आन् त्या दोरीपेक्षा धाव किती बोटं कमी कापायची, जुन्या लाकडाला किती, नव्याला किती, पावसाळ्यात किती, उन्हाळ्यात किती, एवढंच होतं आत. बाप ते कुणालाच तोंडानं सांगत नसे. मलाही सांगितलं न्हाई. बोटं धरून माझ्याकडं बघायचा, झालं. मी एकदा सुग्रीवला विहिरीवर म्हणलोतो, "गोणपाटाखाली देव हाय आमचा." त्यानं खरं मानलं. कितीतरी दिवस जाताना हात जोडायचा.

मग माझं बापाशी फाटलं. बापाला वाटायचं माझा हात जड हाय, मला वाटायचं बापाचं तोंड जड हाय. मी आंब्याला निघून आलो, वकीलसाहेबांकडं झाडू मारायला लागलो. आन् पहिल्याच जुम्म्याला बाजारात सुग्रीव भेटला, कानावर सुताराची पेन्सिल लावून. माझ्या बापाच्या कानावर असायची तशी. मला कसंतरी झालं. घरातली वस्तू दुसऱ्याच्या अंगावर बघितल्यासारखं. तो म्हणला, "बंकट्या, लेका तू इथं? चल, भजे खाऊ." भजे खाताना त्यानं त्या पेन्सिलीनं कागदावर लिहिलं आन् म्हणला, हे तुझं नाव. बं. कट. मी कागद उलटा धरलाता. तो हसला न्हाई. त्यानं कागद सरळ केला. पुढं दर जुम्म्याला शाळेच्या मागं, लाकडाच्या ढिगावर बसून, फळीच्या तुकड्यावर त्यानं मला अक्षरं शिकवली. फळी भरली की रंधा मारायचा आन् पुन्हा कोरी. उर्दू शाळेत, मराठी गावच्या तात्या मास्तराकडून मेंढराच्या बदल्यात, असं त्याचं दोन्ही झालतं, आन् त्यातलं जे होतं ते त्यानं मला समदं दिलं. वर एकदाही गोणपाट टाकलं न्हाई.

साहेब कुशीवर वळले आत. थांबलोतो.

तर ठप वाजलं, आन् मी वळलो तर मागं सुग्रीव उभा. नवं धोतर, डोक्याला तेल, डोळे रात्रभर झोपला नसल्यासारखे. त्याला माहीत होतं त्या दिवशी नुसती सनद मिळणार न्हाई. उस्तादांनी आधीच सांगितलं होतं, नव्या पोरांना शिकवायला हाताखाली एक जागा मंजूर झालीय, जलशात सुग्रीवचं नाव पुकारणार. धनगराचं पोर सुतारकीचा मास्तर. आमच्या तालुक्यात असं काही कुणी ऐकलं नव्हतं. तो गाडीकडं बघत न्हवता, माझ्याकडं बघत होता.

"कसं झालंय बे?" म्हणला.

"काय?"

"चाक. तू सुताराचा. खरं सांग. उस्ताद चांगलं म्हणतेत, पर त्यांला गाडीचं काय. तू सांग."

दोन घागरी पाणी लागलं असतं. शेजारी रांजण. गोणपाट शाळेत पडलेलं ढीगभर. तालुकदार यायला चार घंटे होते. गोणपाट भिजवून गुंडाळलं असतं, वरून पाणी टाकत राहिलो असतो, तर मिरवणुकीपुरतं चाक धरलं असतं. एवढं मला त्याच वेळी, एका दमात दिसलं. विसरलो न्हाई, घाबरलो न्हाई, पुढचं समदं दिसत होतं. आन् मी म्हणलो, "फक्कड हाय."

त्याचं तोंड असं उजळलं की मला खाली बघावं लागलं. "खरं?" "खरं बे." "तू म्हणलास म्हणजे झालं," तो म्हणला आन् पळत आत गेला. मी तिथंच. ह्या तीन जुम्म्यांत मी त्या जागेवर पुन्हापुन्हा जाऊन उभा राहिलोय. का म्हणलो? जळलो, हे एक. त्याला मास्तर म्हणणार, मला कुणी काय म्हणत न्हाई, हे हाय. पण तेवढंच नव्हतं. त्यावेळी माझ्या आत बाप हसत होता, लोहार हसत होता, सुताराचं कुणीतरी एक हजार वरसांपासून बसलेलं आत हसत होतं. बघू, बघू तर खरं, सुताराशिवाय चाक चालतंय का. मला चाक पडावं असं वाटत नव्हतं. पण ते उभं राहावं असंही वाटत नव्हतं. मला फक्त गोणपाट टाकायचं होतं आन् बिडी पेटवायची होती. बाप सोडून मी इतक्या लांब आलो, लिहायला शिकलो, मशीन शिकलो, आन् वेळ आली तवा माझा हात आपोआप बापाच्या गोणपाटाकडं गेला.

जलसा मोठा झाला. शाळेपासून नदीच्या घाटापर्यंत मिरवणूक, आन् परत येऊन सनदा, असं ठरलंतं. अकरा पोरं पुढं, ज्यानं त्यानं आपली जिन्नस हातात घेतलेली. चांभाराच्या पोरानं जोडे परातीत ठेवलते, फुलं टाकून, आन् त्याचा बाप बाजूनं चालत होता, कधी पोराकडं, कधी जोड्यांकडं बघत. सतरंजीवाल्यानं सतरंजी खांद्यावर पसरलीती, लोकं हात लावून बघत होती. त्या पोरांच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कुठं बघितलं नव्हतं. देवळात जाताना असतं तसं न्हाई. आपल्या हातानं केलेलं चार लोकांत नेताना असतं, ते. आसाराम लोहार, त्याचं कुलूप असं होतं की किल्ली दोनदा फिरवावी लागायची. तो रस्त्यानं सगळ्यांना म्हणत होता, "उघडून दाखवा, उघडून दाखवा की!"

गाडीत कुणी बसायचं हा प्रश्न निघाला. उस्ताद म्हणले, ज्यानं केली त्याची आई. सुग्रीवची आई साखराबाई दोन दिवस चालून आलती, उस्तादांसाठी घोंगडी विणून आणलीती. ती मागं सरली. "नगं बाबा. आमी कवा बसलोय गाडीत? मी येते की मागून चालत."

"अम्मा, बैठो," उस्ताद म्हणले. "बेटे की गाडी है."

"आगं बैस की म्हातारे," कुणीतरी ओरडलं, "मेंढरू बसंल न्हाईतर!" लोक हसले. तीही हसली आन् बसली. खाली घोंगडी टाकून, दोन्ही हातांनी कड धरून, पाण्यात उतरल्यासारखी. मी डाव्या चाकाच्या बाजूनं चालत होतो. कावून त्या बाजूनं, ते माहीत न्हाई. झेंडू एक एक गळत होता. कानात दुसरं काहीच येत न्हवतं, ताशे न्हाई, लोक न्हाई, नुसतं लोखंडाचं एक बारीक खळखळणं, जे माझ्याशिवाय कुणाला ऐकू जात नसंल. अजूनही 'थांबा' म्हणता आलं असतं. घाटाच्या उताराला लागेपर्यंत म्हणता आलं असतं. मी पावलं मोजत होतो.

उताराला दगडावर चाक आलं आन् धाव निसटली. मोठा आवाज न्हाई. धाव सरकून बाहेर आली, थोडी एकटीच पुढं गेली, गोल फिरून बाजूला आडवी झाली. मग पुठे सुटले, म्हणजे चाकाची गोलाई ज्या लाकडांची असती ती, आऱ्यांसकट फाकली, गाडी डावीकडं बसली, आन् साखराबाई घोंगडीसकट घरंगळत माझ्या पायाजवळ आली.

लोक आधी पुढं सरकले. मग बोलले. "धनगराचं चाक बे! लोकर कातरल्यावानी सुटलं!" "सुताराला इचारायचं होतं की रे एखाद्या!" ते कोण म्हणलं ते मी बघितलं न्हाई. साखराबाईचं कोपर सोललंतं. तिनं ते बघितलंही न्हाई. ती तशीच बसल्या जागी सरकत चाकापाशी गेली, सुटलेल्या लाकडाच्या तोंडावर हात फिरवला. मेंढराचं तोंड उघडून बघावं तसं.

"कोरडंठाक हाय की रे हे," ती म्हणली. "तान लागलीती व्हय ह्याला? आन् एवढ्या मानसांत कुनालाच कसं कळलं न्हाई?" तिनं वर बघितलं. समोर मीच होतो. "जित्राबाला तरी वरडता येतंय, बाबा. ह्यानं काय करावं?"

तालुकदारसाहेब घोड्यावरून उतरले. "किसने बनाया?" म्हणले. सुग्रीव पुढं झाला. त्याचं तोंड राखेसारखं झालंतं, पण आवाज कापला न्हाई. "मैंने बनाया, हुजूर." उस्ताद पुढं झाले, "मैंने सिखाया, हुजूर," म्हणले. साहेब दोघांकडं बघत राहिले. मग म्हणले, "बना सकते हो? अभी?"

"जी."

जे पुढं झालं ते मला मरेपर्यंत दिसंल. मिरवणूक मोडली न्हाई, तिथंच घाटावर बसली. अकराच्या अकरा पोरांनी हातातल्या जिनसा खाली ठेवल्या. आसाराम लोहारानं कुलूप आपल्या बापाच्या हातात दिलं आन् धाव उचलली. शाळेतून भाता आला, ऐरण आली. सुग्रीवनं पुठे पुन्हा जुळवले, सांधे तासून बसवले, मग दोरी घेतली, चाकाभोवती फिरवली, आन् थांबला. दोरी हातात धरून उभा राहिला. किती कमी करायचं, तेवढंच त्याला कळत नव्हतं. कुणालाच कळत नव्हतं, आसारामलाही न्हाई, माप सुतार सांगतो, लोहार नुसता कापतो. त्यानं वर बघितलं न्हाई. मला हाक मारली न्हाई. मी पुढं गेलो, त्याच्या तोंडापुढं दोन बोटं धरली, एक आडवं, एक अर्धं मुडपलेलं. बाप धरायचा तसं. "दीड बोट," मी म्हणलो. तोंडानं म्हणलो. सुग्रीवनं बोटांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आन् दोरीवर खूण केली.

आसारामनं धाव कापून जोडली. गोवऱ्या रचून वर धाव तापत ठेवली, लाल झाली तशी सहा जणांनी चिमट्यांनी उचलली, चाकावर बसवली, लाकूड पेटलं, धूर उठला, घण पडायला लागले. "पाणी!" सुग्रीव ओरडला. दोन घागरी माझ्याच हाताला लागल्या. मी गोल फिरत पाणी टाकत गेलो आन् चाक कडाकडा आवळत गेलं, प्रत्येक सांध्यातून आवाज येत होता, हाडं जागेवर बसावीत तसा. त्याच दोन घागरी. सकाळच्या. माझा हात पोळला, अजून डाग हाय, मशीनीवर अंगठा टेकला की लागतो.

सुग्रीव चाकापाशी गुडघ्यावर बसला आन् बोट वाजवलं. टण्ण. तेवढ्यानं घाटावरची माणसं अशी ओरडली की बैल बुजले. चांभाराच्या पोराचा बाप रडत होता, त्याचं त्यात काही नसताना. साखराबाई पुन्हा गाडीत चढली, ह्या वेळी कुणी म्हणायच्या आधी.

सनदा घाटावरच दिल्या. सुग्रीवच्या सनदेवर काजळीची पाच बोटं उठली. पण जागेचं नाव पुकारलं न्हाई. साहेब उस्तादांना म्हणले, पोरगा चांगला हाय, शिकवू द्या त्याला, पण कायम करायचं ते पुढं बघू. "एक गर्मी देखेंगे." पुढच्या उन्हाळ्यात येऊन चाकं तपासतील, मग.

संध्याकाळी शाळेत परतल्यावर रांजणाशी हात धुताना सुग्रीव म्हणला, "सकाळी तू बोट वाजवलतंस. ह्या चाकावर एकदा. त्या चाकावर दोनदा." मी रांजणात तांब्या बुडवला. "दोनदा वाजवलंस, म्हणून मला इचारावं वाटलं." मी त्याच्या हातावर पाणी ओतलं. "फक्कड म्हणलास. मला बरं वाटलं बे. तालुकदारानं म्हणलं असतं तरी एवढं वाटलं नसतं." आन् ओले हात झटकून गेला. शिवी दिली असती तर मी घेतली असती. तेव्हापासून तीन जुम्मे तो भेटला न्हाई, मी गेलो न्हाई.

आज सकाळी आला. कानावर पेन्सिल. ओट्यावर बसला, पाणी मागितलं, प्याला. म्हणला, "मिरगानंतर नवी पोरं येणार हायत. चौदा. तीन आमच्या धनगरांची, एक मांगाचा. किताबं समदी उर्दूत, आन् त्यात बैलगाडीचं अक्षर न्हाई. मी त्यांला काय सांगू? दीड बोट म्हणून सांगितलं, तर ते इचारतील कावून दीड? मला कुठं ठावं हाय?"

मी म्हणलो, "बापाला कळलं तर तो मला घरात घेणार न्हाई."

"आत्ता घेतोय का?" तो म्हणला. आन् हसला, पहिल्यांदा. मग मशीनीकडं बघत म्हणला, "तुला अक्षर मी दिलं. ते घेऊन तू मला चाक दे. एवढंच. आन् पैल्या पानावर त्या दिवसाचं लिव. समदं. माझं बी, तुझं बी. पोरांनी ते आधी वाचावं."

"ते कावून?"

"त्यांच्यातला कुणी उद्या चाकावर बोट वाजवंल म्हणून."

मी मशीनीपुढं जाऊन बसलो. कागद लावलेलाच होता मशीनला, कोरा. मग मी त्याला म्हणलो, आन् इथं तसंच मारतोय, म्हणजे खोडता येणार न्हाई: सुग्रीव, माझ्या बापानं ज्याच्यावर गोणपाट टाकलं ते समदं मी ह्या मशीनीवर लिहीन, एक बोट लपवणार न्हाई. आन् पुढच्या चैतात तू न बोलावता येईन, तुझी दोन्ही चाकं वाजवीन, आन् ठप आलं तर ठप म्हणीन. तोंडावर म्हणीन. चार लोकांत म्हणीन.